पक्ष्यांना आपत्ती आहे

वहिनी, काल सुनवाई झाली.

निकाल सांगतो, पण लगेच नाही. तुम्ही तरी मला आल्या आल्या कधी काही सांगितलंत? चहाचा कप पुढे सरकवून म्हणायचात, "आधी प्या भावजी, मग भांडू." आज चहा मीच केला, नेहमीसारखा जास्त उकळला, आणि भांडायला समोर कुणी नाही. तुमच्या कॉलेजच्या बायकांनी वार्षिक अंकासाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. मॅडम किती विद्वान होत्या, किती शिस्तीच्या होत्या, हे लिहायला त्या समर्थ आहेत. मी पडलो दीर. मला तुमच्याशी फक्त भांडता येतं, तेव्हा तेच करतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवत होतात आणि मी सरकारच्या ऊर्जा खात्यात इंजिनिअर. इंदूरजवळच्या हातोदच्या पुढे जी गवताची मोकळी टेकरी आहे, तिच्यावर पवनचक्क्यांच्या तीन रांगा उभ्या करायच्या, हे माझं काम. त्या पवनचक्क्यांनी तिथल्या पक्ष्यांना किती धोका आहे, हे ठरवणं तुमचं. आणि ही दोन्ही कामं अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरात, एकाच टेबलावर, दादाच्या ताटाच्या दोन बाजूंना बसून चालायची. बिचारा दादा. तुमचा नवरा आणि माझा थोरला भाऊ असण्याची किंमत त्यानं त्या वर्षात पुरेपूर मोजली. ना त्याला वरण गरम मिळालं, ना रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडव्या झालात आणि उठला नाहीत, एवढंच. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ते मी ऐकलं आणि विसरलो.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि तो आलाच. नातेवाइकांनी सुटकेचा श्वास सोडला. "काही राहिलं नव्हतं हो तिचं, समाधानानं गेली," असं एकमेकांना म्हणू लागले. मला इतका राग आला, वहिनी. काही राहिलं नव्हतं? पश्चिमेची रांग नकाशावर जशीच्या तशी उभी होती, सुनवाईची तारीख लागलेली होती, माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर होतं, आणि हा पठ्ठ्या भात खाऊन मोकळा. मग वाटलं, तुमच्या ओळखीचा असणार. मागच्या अंगणात रोज पोळीचा तुकडा टाकून तुम्ही आख्खी जमात बिघडवून ठेवली होतीत. त्याला इच्छाबिच्छा काही कळली नसेल, ओळखीच्या घरचं जेवण दिसलं म्हणून तो आला.

तुम्ही साताऱ्याहून लग्न होऊन इंदुरात आलात तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यामुळे या घरात तलवार टिकली आहे आणि मराठी गंजलं आहे, असं तुम्ही पहिल्याच दिवाळीत म्हणालात. आई म्हणायची, "सूनबाई, जरा पंखा चालव ना, केवढा पसीना येऊन राहिलाय." तुम्ही पंखा लावता लावता हळूच म्हणायचात, "घाम." आईनं ते कधी मनावर घेतलं नाही, आणि घाम हा शब्दही घेतला नाही. पण तुमच्या हिंदीचं काय? मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावलं की झालं हिंदी, अशी तुमची ठाम समजूत. कॉलेजच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आपकी शिक्षा कहाँ हुई?" तुम्ही ताठ बसून उत्तर दिलंत, "मुझे आज तक कभी शिक्षा नहीं हुई." घरी येऊन तुम्ही हे सांगितलंत तेव्हा दादा पोट धरून हसला आणि तुम्हाला बराच वेळ कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. कुणी शिक्षा करावी असं तुम्ही काही केलंच नव्हतं. तरी नोकरी मिळाली, म्हणजे त्या लोकांना माणसाची पारख असली पाहिजे.

माझ्या नोकरीला मात्र सगळे हसत होते. वारा मोजायचं काम, म्हणजे हवा खाण्याचा पगार, असं मित्र म्हणायचे. "क्या भिया, आज कितनी हवा भरी?" असं चौकात विचारायचे. राज्यात पवनचक्क्या तेव्हा नव्या नव्या होत्या, माझ्या साहेबांनासुद्धा त्या खेळण्यातल्या भिरभिऱ्या वाटायच्या. टेकरीवर वाऱ्याचा वेग मोजणारा उंच खांब उभा राहिला तेव्हा घरातलं एकच माणूस तो बघायला आलं. तुम्ही. खांबाच्या टोकावर फिरणाऱ्या त्या लहान वाट्यांकडे मान मोडेपर्यंत बघत बसलात. त्या कशा फिरतात, मोजणी कुठे होते, रात्री कोण बघतं, सगळं विचारलंत. परत येताना म्हणालात, "भावजी, हे फार छान काम आहे." वहिनी, तोवर माझ्या कामाला छान असं कुणीच म्हटलं नव्हतं. पुढे वर्षभर तुम्ही मला कितीही छळलंत तरी मी टिकून राहिलो, त्याच्या मुळाशी ते एक वाक्य आहे.

छळाची सुरुवात माझ्याच हातून झाली. टेकरीचा काही भाग वन खात्याचा निघाला आणि त्यांनी विचारलं, पक्ष्यांचं काय? आमचे त्रिपाठीसाहेब म्हणाले, "यार, कोई चिड़िया वाला ढूँढ़ो और दो लाइन की अनापत्ति लिखवा लो." मी म्हटलं, "सर, घर में ही है." संध्याकाळी तुम्ही पोळ्या लाटत होतात. मी म्हणालो, "वहिनी, दोन चकरा मारा, थोडं बघा, आणि लिहून द्या की सगळं ठीक आहे."

"कधीच्या दोन चकरा?" तुम्ही मान वर न करता विचारलंत.

"म्हणजे?"

"थंडीतल्या, उन्हाळ्यातल्या की पावसाळ्यातल्या? सकाळच्या की संध्याकाळच्या? पक्षी काय तुमच्या खात्यात नोकरीला आहेत, दहा ते पाच टेकरीवर बसायला?"

माझ्या दोन चकरांचं वर्ष झालं ते असं. दर रविवारी तुम्ही माझ्या स्कूटरवर मागे, गळ्यात दुर्बीण, डोक्याला रुमाल, मांडीवर डबा. हातोदच्या मंडीपाशी सोयाबीनच्या ट्रॅक्टरांत अडकलो की तुम्ही तारांवरचे पक्षी मोजायला लागायचात आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. टेकरीवर पोचलो की तुमची एक ठरलेली जागा, तिथे सतरंजी, आणि मग तासन्‌तास गप्प. मला गप्प बसण्याची सवय नाही. मी बोलायला लागलो की तुम्ही डबा पुढे करायचात.

तुमची पद्धत मला आधी बायकी वाटली, मग साधी वाटली, मग लक्षात आलं की तिच्यात फट नाही. तुम्ही म्हणालात, मला वाऱ्याच्या खांबावर दोन खुणा पाहिजेत. पवनचक्कीचं पातं खाली येईल त्या उंचीवर एक, वर जाईल त्या उंचीवर एक. खात्याकडे रिबिनी मागितल्या असत्या तर मंजुरी यायला पुढचा हिवाळा उजाडला असता. तुम्ही तुमची जुनी लाल साडी फाडलीत. खांब चढणाऱ्या माणसानं पट्ट्या बांधल्या आणि टेकरीचं घर झालं. खालच्या पट्टीखाली तळमजला, वरच्या पट्टीवर गच्ची, आणि दोन्हींच्या मध्ये मधला मजला. पक्षी तळमजल्यावरून गेला, ठीक. गच्चीवरून गेला, ठीक. मधल्या मजल्यावर आला की तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. ते "हं" मला कानात कुसळ गेल्यासारखं सलायचं.

खांबाची राखण करणारा भेरूलाल तुम्हाला सरकारी अंमलदार समजत होता. एकदा त्यानं न राहवून विचारलं, "बई, सरकार अबे पंछी पे भी टेक्स लगायगी कंई?"

"नहीं भेरूलालजी, उलटा है," तुम्ही म्हणालात, "पक्षी ही सरकार पर लगाएँगे."

तो हसला नाही. बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि म्हणाला, तेही बरोबरच होईल.

मग थंडी पडू लागली आणि भोवत्ये आले. दूर उत्तरेकडून येणारे, लांब पंखांचे, सडपातळ शिकारी पक्षी. दिवसभर हरभऱ्याच्या शेतांवर एकेकटे हिंडायचे. सूर्य कलला की चारी बाजूंनी टेकरीच्या पश्चिम उतारावर गोळा व्हायचे, तिथल्या गवतात जमिनीवरच झोपायला. पण उतरायच्या आधी कडेवरून चकरा मारायचे, वर जायचे, पुन्हा खाली यायचे, एकमेकांच्या वाटा कापत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही बोललो नाही. हे मला आठवतं, कारण तुम्ही वळून विचारलंत, "भावजी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, बरं आहे. तुम्ही म्हणालात, "मधल्या मजल्यावर आहेत सगळे. हे भोवत्ये तुम्हाला भोवणार."

आणि नेमकी त्याच कडेवर माझी पश्चिमेची रांग होती. तिन्हींत सगळ्यात चांगल्या वाऱ्याची.

तिथून जे जुंपलं ते जुंपलंच. मी म्हणायचो, पक्ष्यांना डोळे असतात, एवढं मोठं पातं त्यांना दिसणार नाही का? तुम्ही म्हणायचात, "दिसेल की, पुढे बघत असतील तर. शिकार शोधणारा पक्षी खाली बघत उडतो. तुम्ही रस्त्यात पडलेली किल्ली शोधताना समोरचा खांब बघता का?" मागच्याच महिन्यात मी किल्ली शोधताना खांबावर आपटलो होतो, हे दादानं लगेच सांगितलं. मी म्हणायचो, कोळशानं वीज केली तर काय पक्षी मरत नाहीत? एका चिमणीच्या धुरानं किती चिमण्या मरतात ते कुणी मोजतं का? तुम्ही म्हणायचात, "तेही मोजा. मी नको कुठे म्हणते? पण एका चुकीचं उत्तर दुसरी चूक दाखवून देता येत नाही." आई मधूनच म्हणायची, "दोघं मिळून माझं डोकं खाऊन राहिले, पंछी राहिले बाजूला."

आणि त्या कोंबड्या. त्या मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या एका टेकरीवर काही पवनचक्क्या आधीच फिरत होत्या. मी तिथे जाऊन विचारपूस करून आलो आणि गड जिंकल्यासारखा घरात शिरलो. "वहिनी, एकही मेलेला पक्षी सापडलेला नाही."

"शोधला कुणी?"

"पडला असता तर दिसला असता ना."

दुसऱ्या दिवशी एका पोल्ट्रीतून मेलेल्या कोंबड्या घेऊन आलात आणि पिशवीसकट फ्रीजमध्ये ठेवल्यात, आईच्या श्रीखंडाशेजारी. आईनं फ्रीज उघडला आणि पुढचा अर्धा तास जे काही झालं ते अंकात छापण्यासारखं नाही. "घर आहे का मसणवाट? बास मारतंय सगळं," हे त्यातलं सौम्य. संध्याकाळी आपण त्या टेकरीवर जाऊन कोंबड्या पवनचक्क्यांखाली गवतात ठेवून आलो. सकाळी परत गेलो तर एकही नाही. कुठे चार पिसं, कुठे तीही नाहीत. कुत्री, कोल्हे, मुंगसं, सगळ्यांनी ताव मारला होता.

"आता सांगा," तुम्ही म्हणालात, "सापडला नाही म्हणजे मेला नाही का?"

मी म्हटलं, श्रीखंड मात्र फुकट गेलं. खरंच गेलं होतं, आईनं ते कुणाला खाऊ दिलं नाही.

माझा हुकमी एक्का मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. आपल्या माळव्यात वारा असतो तो उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत. थंडीत वारा पडतो. भोवत्ये येतात थंडीत. म्हणजे पक्षी असतात तेव्हा वारा नाही, वारा असतो तेव्हा पक्षी नाहीत. थंडीत पवनचक्क्या बहुतेक वेळ उभ्याच राहणार, मग धोका कसला? हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा गप्प झालात. दादानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या खांबाचे थंडीतले आकडे मला द्याल?" मी मोठ्या मनानं दिले. जिंकलेल्या माणसाला उदार होणं सोपं असतं.

तुम्ही माझे वाऱ्याचे आकडे आणि तुमचे पक्ष्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत आणि रविवारी पोहे खाताना माझ्यापुढे ठेवलेत. थंडीत वारा पडतो हे खरं. पण पश्चिमेच्या कडेवर कधी कधी संध्याकाळी उतारावरून वर चढणारा वारा उठतो, पवनचक्की फिरवण्याइतका. आणि भोवत्ये मधल्या मजल्यावर जातात ते त्याच संध्याकाळी, कारण तोच वारा त्यांना उचलतो. वारा नसेल तर मशीन बंद आणि पक्षी तळमजल्यावर. वारा असेल तर मशीन चालू आणि पक्षी पात्यांत. "भावजी, तुम्हाला आणि त्यांना एकच वारा आवडतो," तुम्ही म्हणालात. मी पोह्यांत लिंबू पिळत राहिलो. दादानं सांगितलं की लिंबातला रस केव्हाच संपलाय.

पवनचक्क्यांच्या विरुद्ध तुम्ही कधीच नव्हतात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण खात्यात काहींना अजून तसं वाटतं. "पूर्वेच्या दोन रांगा लावा, मी स्वतः नारळ फोडायला येते," असं तुम्ही शंभरदा म्हणालात. तुमचं म्हणणं त्या एका कडेपुरतं होतं. मोठा अहवाल तुम्ही इंग्रजीत लिहिलात. साहेब लोक वाचतात तो हिंदी सारांश मी लिहून देतो म्हटलं, तर तुम्हाला अपमान वाटला. "एवढी वर्षं इंदुरात राहून मला चार ओळी हिंदी लिहिता येत नाहीत का?" तुम्ही स्वतः लिहिलात आणि मला न दाखवता पाठवलात.

त्रिपाठीसाहेबांनी मीटिंगमध्ये तो मोठ्यानं वाचला. "पश्चिम कड़े पर पक्षियों को बड़ी आपत्ति है." ते थांबले. पुन्हा वाचला. तुम्हाला म्हणायचं होतं संकट, आपल्या मराठीतली आपत्ती. त्यांना दिसत होती हिंदीतली आपत्ति, म्हणजे हरकत. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मैडम, पक्षियों को आपत्ति है? लिखकर दी है उन्होंने?"

सगळी खोली हसली. मीही हसलो असतो, पण तुमचा चेहरा पाहिला. कानापर्यंत लाल झाला होता. मला वाटलं आता तुम्ही उठून जाणार. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "उनको लिखना नहीं आता सर, इसलिए मैंने लिखी."

स्कूटरवरून घरी निघालो. मग मागून विचारलंत, "भावजी, हिंदीत आपत्ती म्हणजे नक्की काय?"

"हरकत. तक्रार."

"मग बरोबरच आहे की," तुम्ही म्हणालात.

किती बरोबर, ते पुढच्या आठवड्यात कळलं. आमच्या खात्यातल्या बड़े बाबूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भिया, मैडम ने तो फँसा दिया. ख़तरा लिखतीं तो फ़ाइल में लग जाता, बात ख़तम. आपत्ति लिखी है. आपत्ति आई तो सुनवाई लगेगी." नियमच तसा. धोक्याला टाचणी लागते, आपत्तीला तारीख लागते. वर्षभराच्या मोजणीनं, वाऱ्याच्या आकड्यांनी, कोंबड्यांनी जे झालं नसतं ते तुमच्या साताऱ्याच्या हिंदीनं केलं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की आई बाहेर आली, आणि कुणी काही सांगायच्या आत तीही हसायला लागली.

आपलं शेवटचं भांडण मात्र हसण्याचं नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या सकाळी मी विचारलं होतं, "बरं वहिनी, एकही पक्षी मरू नये असं तर होणार नाही. पूर्वेच्या रांगांतही काही मरतील. मग किती मेले तर चालतील? आकडा सांगा." तुम्ही नेहमीसारखं ताडकन उत्तर दिलं नाहीत. हातातला डबा टेबलावर ठेवलात. म्हणालात, "विचार करून सांगते." माझ्या कुठल्याही प्रश्नावर तुम्ही आजवर असं म्हणाला नव्हतात. मला वाटलं, चला, एक तरी बाण लागला. दिवसभर मी खुशीत होतो. ते उत्तर आता मला कधी मिळणार नाही, याचा त्रास मला किती होतो, हे दादालाही सांगितलेलं नाही. तुम्ही काय म्हणाला असतात ते मी रोज ठरवतो आणि रोज ते मला पटत नाही.

तर काल. मी खात्याच्या बाजूला बसलो होतो, पहिल्या ओळीत, प्रकल्पाचा इंजिनिअर म्हणून. समोर मशिनी पुरवणाऱ्या कंपनीची माणसं, वन खात्याचे लोक, मधे त्रिपाठीसाहेब. बड़े बाबूंनी पुकारलं, "आपत्तिकर्ता हाज़िर हैं?" आणि मग स्वतःच खालच्या आवाजात म्हणाले, "साहब, उनका तो स्वर्गवास हो गया."

कंपनीचा माणूस सभ्य होता. हात जोडून म्हणाला, "बहुत दुख की बात है. तो फिर सर, आपत्ति निरस्त मान ली जाए." साहेबांनी ती रद्द करायला पेन उचललं.

मी उभा राहिलो. असं काही करायचं मी ठरवलेलं नव्हतं, हे तुम्हाला तरी पटेल. मी म्हटलं, "सर, एक बार पढ़ लिया जाए. उसमें लिखा है, पक्षियों को आपत्ति है. मैडम को आपत्ति है, ऐसा नहीं लिखा. मैडम नहीं रहीं. पक्षी तो इस साल भी आए हैं. आज शाम चलिए, दिखा देता हूँ."

मागे कुणीतरी हसलं. शेजारच्या सोबत्यानं माझी बाही ओढली. "भिया, अपन किस तरफ से हैं?" ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. साहेबांनी तुमची ओळ पुन्हा वाचली, यावेळी मनातल्या मनात. पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तो पक्षियों की तरफ़ से कौन बोलेगा? आप?"

वहिनी, त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले आणि त्यातला एकही नवा नव्हता. पक्ष्यांना डोळे नसतात का? मी किल्लीचं सांगितलं. दुसऱ्या टेकरीवर मेलेले पक्षी का सापडत नाहीत? मी कोंबड्यांचं सांगितलं, श्रीखंड वगळून. थंडीत वारा कुठे असतो? हा कंपनीच्या माणसानं अगदी माझ्याच आवाजात विचारला, हुकमी एक्का टाकतो तसा. मी त्याच्यापुढे माझे वाऱ्याचे आकडे आणि तुमचे पक्ष्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. सगळे प्रश्न वर्षभर मीच तुम्हाला विचारलेले होते आणि सगळ्या उत्तरांनी मीच आडवा झालेलो होतो. तुमची बाजू माझ्याइतकी पाठ त्या खोलीत कुणालाच नव्हती. इतक्या वेळा हरण्याचा असा उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि पूर्वेच्या दोन रांगांसाठी मी तितकाच भांडलो, हेही सांगतो. त्या झाल्याच पाहिजेत, आणि तुम्हालाही त्या हव्या होत्या.

शेवटी वन खात्याच्या माणसानं विचारलं, "चलिए, एक बात बताइए. कितने पक्षी मरें तो चलेगा?"

मी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हटलं, "सर, मैडम से मैंने यही पूछा था. उन्होंने कहा था, सोचकर बताऊँगी."

साहेब म्हणाले, "अच्छा. आगे चलिए."

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई देवापाशी होती. दादा पुढच्या खोलीत पेपर धरून बसला होता, हल्ली तो नुसता धरतो. वहिनी, तो अजून रडलेला नाही. घाटावर नाही, तेराव्यालाही नाही. सगळ्यांशी नीट बोलतो, पाहुण्यांना पाणी देतो, आणि म्हणून मला त्याची भीती वाटते. त्यानं विचारलं, "काय झालं रे?"

मी म्हटलं, "पश्चिमेची रांग गेली. पूर्वेच्या दोन होणार."

"मतलब, जिंकलं कोण?"

"वहिनी."

दादाचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर तुमच्या लग्नातला दादा दिसला. "थांब हं, तिला सांगतो," म्हणत तो पटकन उठला, पेपर खाली पडला, आणि तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथे थांबला. चौकटीला हात लावून उभा राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. मी उठून त्याच्यापाशी गेलो. आम्ही दोघे तिथेच दारात बराच वेळ उभे होतो.

तिला सांगतो म्हणाला होता, पण सांगणं त्याच्याच्यानं झालं नाही. म्हणून मी सांगतोय. वहिनी, रांग गेली. तुम्ही जिंकलात.